ब्राउझरमधून क्लाउड स्टोरेजवर फाइल चढत नाही: ४०३, कॉर्स एरर, ९९ टक्क्यांवर अडकणं, सगळं एकेक करून कसं तपासायचं

जावास्क्रिप्टची लायब्ररी वापरून ब्राउझरमधून थेट क्लाउड स्टोरेजवर फाइल पाठवायची, मध्ये आपला सर्व्हर नको, हा सेटअप आता बहुतेक प्रोजेक्टमध्ये असतो आणि तो बिघडला की माझ्याकडे परत परत तेच स्क्रीनशॉट येतात. ॲमेझॉन एस३ असो, गूगल क्लाउड स्टोरेज असो, फायरबेस असो की अझूर ब्लॉब, लक्षणं साधारण सारखीच आणि कारणंही ठरलेली. त्यामुळे एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी लक्षणं बघा, तुमचं यातलं कुठलं ते ठरवा:

- कन्सोलमध्ये लाल अक्षरात कॉर्सची एरर (कॉर्स म्हणजे एका साइटच्या पेजला दुसऱ्या डोमेनशी बोलू द्यायचं की नाही हे ठरवणारा ब्राउझरचा नियम), आणि नेटवर्क टॅबमध्ये फक्त ऑप्शन्स रिक्वेस्ट (आधी परवानगी विचारणारी) दिसते, खरी पुट रिक्वेस्ट निघालेलीच नाही.
- ४०३, म्हणजे सर्व्हरचा नकार. कधी ‘ॲक्सेस डिनाइड’, कधी ‘सिग्नेचर डझ नॉट मॅच’, कधी ‘रिक्वेस्ट हॅज एक्सपायर्ड’. हे तिन्ही ४०३च असतात पण तिन्हीचा उपाय वेगळा, म्हणून नुसतं ‘४०३ येतोय’ म्हणून चालत नाही.
- छोट्या फाइली चढतात, मोठ्या नाही.
- प्रोग्रेस बार ९९ किंवा १०० टक्क्यांपर्यंत जातो आणि मग एरर.
- अपलोड यशस्वी म्हणून सांगतं, स्टोरेजमध्ये फाइल दिसते, साइज पण जवळपास बरोबर, पण फोटो उघडत नाही.
- तुमच्याकडे चालतं, एकाच युजरकडे चालत नाही. किंवा सकाळी चालतं आणि दुपारनंतर नाही.
- काहीच एरर नाही, नुसतं फिरत राहतं, आणि बऱ्याच वेळाने ‘रिट्राय लिमिट एक्सीडेड’.

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगतो कारण निम्मा वेळ इथेच वाया जातो. कन्सोलमध्ये ‘कॉर्स’ लिहून आलं म्हणजे बिघाड कॉर्समध्येच आहे असं नाही. ब्राउझरला उत्तरात परवानगीचा हेडर सापडला नाही एवढंच तो सांगतोय, आणि तो हेडर न येण्याची कारणं भरपूर असतात, चुकीचा रीजन (स्टोरेज ज्या भागातल्या डेटासेंटरमध्ये आहे तो), मधला प्रॉक्सी, नाव चुकलेली बकेट (फाइली ठेवायचा स्टोरेजमधला कप्पा), तुटलेलं कनेक्शन, काहीही. लोक ती एरर बघतात आणि लगेच बकेटच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळं मोकळं करून ठेवतात, बकेट पब्लिक करतात, आणि एरर तरीही तशीच राहते. कृपा करून बकेटची सेटिंग्ज शेवटी शेवटी उघडा. खालचा क्रम मी मुद्दाम असा लावलाय की आधीच्या तपासण्यांना ना कोड बदलावा लागतो ना कुणाची परवानगी.

फुकटच्या तपासण्या: नेटवर्क टॅब, दुसरा ब्राउझर, दुसरी फाइल

डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबमध्ये ‘प्रिझर्व्ह लॉग’ आणि ‘डिसेबल कॅश’ दोन्ही चालू करा आणि परत अपलोड करा. आता तीन गोष्टी बघायच्या, कुठली रिक्वेस्ट पडली, ऑप्शन्स की पुट की पोस्ट, तिचा स्टेटस काय, आणि ती किती वेळ लटकली. ऑप्शन्सच पडली तर ब्राउझरने विचारलेल्या प्रश्नालाच नकार मिळाला, म्हणजे फाइल अजून जागची हललेलीच नाही. ऑप्शन्स २०० ने गेली आणि पुट ४०३ ने परत आली तर कॉर्सचा विचार सोडून द्या, तो प्रश्न सही (रिक्वेस्ट अधिकृत आहे हे दाखवायला यूआरएलमध्ये किंवा हेडरमध्ये जोडलेला कोड) किंवा परवानगीचा आहे.

उत्तराच्या बॉडीमध्ये बरेचदा एक्सएमएल असतं आणि त्यात ‘कोड’ आणि ‘मेसेज’ असे दोन भाग असतात. ते वाचा. लायब्ररीने गुंडाळून दिलेली एरर नाही, हे मूळ उत्तर वाचा. ‘सिग्नेचर डझ नॉट मॅच’ असेल तर एस३ आपल्याला त्याने स्वतः कशावर सही काढून बघितली ते सुद्धा त्यातच छापून देतं, ओळीला ओळ लावून बघितलं की कुठला हेडर वेगळा गेला ते समोर दिसतं.

मग तीच फाइल इन्कॉग्निटोमध्ये, मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये, मग मोबाइलचं हॉटस्पॉट लावून. इन्कॉग्निटोमध्ये चाललं तर एक्स्टेंशन, जाहिराती अडवणारी एक्स्टेंशनं काही वेळा स्टोरेजच्या डोमेनलाच अडवतात. हॉटस्पॉटवर चाललं तर ऑफिसचा प्रॉक्सी किंवा व्हीपीएन, तिथे तुमच्या कोडमध्ये काही शोधून सापडणार नाही, सरळ नेटवर्कवाल्याकडे जा.

आणि एक अगदी छोटी टेक्स्ट फाइल, दोनचार केबीची, इंग्रजी अक्षरांचं साधं नाव देऊन चढवून बघा. ती गेली आणि मोठी नाही गेली तर थेट खाली मोठ्या फाइलींच्या भागात जा. ती पण नाही गेली तर क्रमाने पुढे या.

कन्सोलमध्ये ‘रिफ्यूज्ड टू कनेक्ट’ आणि त्याच ओळीत ‘कनेक्ट-एसआरसी’ दिसलं तर ते तुमच्या स्वतःच्या पेजचं कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी आहे, म्हणजे पेजला कुठल्या डोमेनशी बोलता येईल त्याची यादी. स्टोरेजचं डोमेन त्या यादीत घाला, विषय संपला. सर्व्हिस वर्कर असेल तर तोही एकदा बंद करून बघा.

फाइल स्वतः

इथे फार थोडे लोक बघतात. निवडलेल्या फाइलचं नाव, साइज आणि टाइप कन्सोलमध्ये छापा, एका ओळीचं काम.

टाइप हा सगळ्यात मोठा घोळ. ब्राउझर फाइलच्या आत डोकावून टाइप ठरवत नाही, तो एक्स्टेंशन आणि मशीनवरची नोंद बघून सांगतो. एक्स्टेंशन ओळखीचं नसेल तर टाइप रिकामा येतो. आणि सीएसव्ही फाइलचं तर ठरलेलं, एका मशीनवर ‘टेक्स्ट/सीएसव्ही’ येतं आणि ज्या विंडोज मशीनवर एक्सेल बसवलंय तिथे तीच फाइल ‘ॲप्लिकेशन/व्हीएनडी.एमएस-एक्सेल’ म्हणून येते. आता तुमच्या सर्व्हरने सही करताना ‘टेक्स्ट/सीएसव्ही’ धरलं असेल आणि ब्राउझरने दुसरं पाठवलं तर सही जुळणार नाही, ४०३. ‘फक्त एकाच युजरला होतंय’ या तक्रारीमागे मला हे कारण खूप वेळा सापडलंय. उपाय सोपा आहे, टाइप ब्राउझरने काढायचा, सर्व्हरला पाठवायचा, सर्व्हरने परवानगीच्या यादीत बघून त्याच्यावर सही करायची आणि तोच टाइप परत द्यायचा, आणि अपलोड करताना ब्राउझरने सर्व्हरने दिलेलाच टाइप हेडरमध्ये लावायचा, स्वतःचा नाही. रिकामा आला तर ‘ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’.

नावाचंही बघा. एस३ आणि गूगल क्लाउड स्टोरेजमध्ये पूर्ण की, म्हणजे फोल्डरसकट नाव, यूटीएफ-८ मध्ये १,०२४ बाइट्सपर्यंतच चालते. इंग्रजी अक्षर एक बाइट, देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात, त्यामुळे मराठी नावाची फाइल आणि वर खोल फोल्डर असेल तर मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर येते. शिवाय नावात स्पेस, अधिकचं चिन्ह, टक्क्याचं चिन्ह असलं की एन्कोडिंग दोनदा होतं किंवा होतच नाही आणि सही बिघडते. मी तर मूळ नाव की मध्ये वापरतच नाही, ‘रँडम यूयूआयडी’ काढून तेच नाव देतो आणि मूळ नाव डेटाबेसमध्ये ठेवतो. मूळ नाव एस३च्या मेटाडेटा हेडरमध्ये ठेवायचा मोह होतो, पण हेडरमध्ये देवनागरी थेट जात नाही, ब्राउझर तिथेच एरर देतो, ठेवायचंच असेल तर एन्कोड करून ठेवा. आणि हो, ‘क्रिप्टो’मधलं ते यूयूआयडीचं फंक्शन एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्टवरच मिळतं, साध्या एचटीटीपीवर टेस्ट करत असाल तर ते फंक्शन नाहीच असं येईल.

‘दुसऱ्यांदा तीच फाइल निवडली की काहीच होत नाही’ हा स्टोरेजचा प्रश्नच नाही. इनपुटची व्हॅल्यू बदलली नाही म्हणून चेंज इव्हेंट येत नाही. अपलोड झाला की इनपुटची व्हॅल्यू रिकामी करा. आणि फाइल निवडल्यावर युजरने ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये सेव्ह केली तर ब्राउझर ती वाचायला नकार देतो, क्रोममध्ये ‘अपलोड फाइल चेंज्ड’ अशी एरर येते, तिथे परत निवडायला सांगणं एवढंच हातात असतं.

घड्याळ आणि मुदत

एस३ मध्ये रिक्वेस्टच्या वेळेत आणि त्यांच्या वेळेत १५ मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर ‘रिक्वेस्ट टाइम टू स्क्यूड’ म्हणून ४०३ येतो. सही जिथे होते तिथलं घड्याळ महत्त्वाचं, म्हणजे सर्व्हर सही करत असेल तर सर्व्हरचं, आणि ब्राउझरमध्येच तात्पुरत्या क्रेडेन्शियलने सही होत असेल तर युजरच्या मशीनचं. अझूरच्या एसएएस टोकनमध्ये (त्यांची यूआरएलला जोडायची सही केलेली परवानगी) सुरुवातीची वेळ ‘आत्ता’ लावली तरी हाच प्रकार, टोकन अजून सुरूच झालं नाही असं उत्तर येतं. तिथे सुरुवात १५ मिनिटं मागची ठेवा किंवा देऊच नका.

मुदतीचं गणित जरा नीट समजून घ्या. एस३ची सही केलेली यूआरएल जास्तीत जास्त ७ दिवस चालते, गूगलच्या व्ही४ सहीचंही तेच. पण ॲमेझॉनच्या जावास्क्रिप्ट एसडीकेच्या, म्हणजे त्यांच्या अधिकृत लायब्ररीच्या, व्ही३ मध्ये तुम्ही काहीच दिलं नाही तर ९०० सेकंद धरले जातात, म्हणजे १५ मिनिटं. पेज उघडताना यूआरएल घेतली, युजर फॉर्म भरत बसला आणि वीस मिनिटांनी अपलोड दाबलं, की गेली. यूआरएल बटण दाबल्यावर घ्या, पेज उघडल्यावर नाही.

याहून फसवा प्रकार म्हणजे ७ दिवसांची यूआरएल काही तासांतच मरते. कारण ती तात्पुरत्या क्रेडेन्शियलने, म्हणजे रोलच्या (क्लाउडमधल्या अधिकार दिलेल्या ओळखीच्या) टोकनने, सही केलेली असते आणि ते टोकन संपलं की यूआरएलवर काहीही लिहिलेलं असलं तरी ती संपली. ‘सकाळी चालतं, दुपारनंतर नाही’ वाल्यांनी इथे बघा.

कर्लची तपासणी

माझ्या मते सगळ्यात उपयोगाची तपासणी हीच. सही केलेली यूआरएल कॉपी करा आणि टर्मिनलमधून कर्लने (कमांड लिहून रिक्वेस्ट पाठवायचं टूल) तीच फाइल त्याच यूआरएलवर पुट करा, ब्राउझर जो कंटेंट-टाइप पाठवतो तोच हेडर लावून. यूआरएल अवतरण चिन्हात घाला, नाहीतर मधलं ‘&’ आलं की शेल तिथेच तोडतं आणि भलतीच एरर दिसते.

कर्लला कॉर्स माहीतच नाही, तो कुणाला विचारत बसत नाही. त्यामुळे कर्लने फाइल चढली आणि ब्राउझरने नाही तर प्रश्न नक्की ब्राउझरच्या बाजूचा, कॉर्स, हेडर किंवा बॉडी. कर्लनेही ४०३ आला तर प्रश्न सही किंवा परवानगीचा, आणि आता एरर पूर्ण, न गुंडाळलेली, समोर दिसते. या एका तपासणीने अर्धा रस्ता बंद होतो आणि तुम्ही बरोबर अर्ध्यात शोधायला लागता.

बॉडी कशी पाठवताय

फाइल चढते पण उघडत नाही, हे बहुतेक वेळा इथलंच. सही केलेल्या पुट यूआरएलला बॉडी म्हणून फाइल स्वतः द्यायची असते. बरेच जण सवयीने फॉर्मडेटा बनवून त्यात फाइल घालतात आणि तो फॉर्मडेटा पुट करतात. स्टोरेज बिचारं जे आलं ते जसंच्या तसं ठेवतं, म्हणजे फाइलच्या आधी आणि नंतर बाउंड्रीच्या (फॉर्मचे भाग वेगळे करणाऱ्या) ओळी चिकटलेल्या राहतात, साइज थोडीशी वाढते आणि फोटो उघडत नाही. स्टोरेजमधली फाइल डाउनलोड करून टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, पहिल्याच ओळीत डॅश आणि ‘फॉर्म-डेटा’ दिसलं तर नक्की हेच. अशा चढलेल्या फाइली फुकट गेलेल्या नसतात बरं, आतला मूळ डेटा शाबूत असतो, बाउंड्री कापून काढणारी छोटी स्क्रिप्ट लिहून परत मिळवता येतात.

उलटं, एस३ला पोस्ट पॉलिसीने (फॉर्ममध्ये काय चालेल याच्या सही केलेल्या अटी) पाठवत असाल तर तिथे फॉर्मडेटाच लागतो, पण ‘फाइल’ हे फील्ड सगळ्यात शेवटी हवं. त्याच्यानंतर टाकलेली फील्ड्स एस३ वाचतच नाही आणि मग पॉलिसी जुळत नाही म्हणून नकार येतो. फॉर्मडेटाबरोबर कंटेंट-टाइप हेडर हाताने लावू नका, बाउंड्री ब्राउझरलाच लावू द्या.

अझूरला साध्या फेचने पुट करत असाल तर ‘एक्स-एमएस-ब्लॉब-टाइप’ हा हेडर ‘ब्लॉकब्लॉब’ अशा व्हॅल्यूने लागतोच, तो नसला की ४००. त्यांची लायब्ररी वापरली तर ती स्वतः लावते.

सही

‘सिग्नेचर डझ नॉट मॅच’ म्हणजे सही करताना जे ठरलं आणि प्रत्यक्षात जे आलं त्यात कुठेतरी फरक. मेथड बघा, गेटसाठी सही केलेली यूआरएल पुटला चालत नाही. कंटेंट-टाइपचं वर बोललोच. ॲक्सिऑससारख्या लायब्ररीत इंटरसेप्टर लावून प्रत्येक रिक्वेस्टला ऑथोरायझेशन हेडर जोडलेला असतो, आपल्या एपीआयसाठी तो बरोबर आहे पण स्टोरेजकडेही तोच जातो, आणि एस३ मग यूआरएलमधली सही आणि हेडरमधलं ऑथोरायझेशन अशा दोन ओळखी एकदम बघून ४०० देतं. स्टोरेजसाठी वेगळा, कोरा क्लायंट वापरा.

यूआरएल कुठे दोनदा डिकोड तर होत नाहीये ना हेही बघा. अझूरच्या सहीत अधिकचं चिन्ह, तिरकी रेघ, बरोबरचं चिन्ह असतं, ती एकदा डिकोड होऊन अधिकच्या जागी स्पेस आली की सही गेली. हे कधी होतं कधी नाही, कारण प्रत्येक सहीत अधिकचं चिन्ह असतंच असं नाही, आणि म्हणून हा बिघाड पकडायला त्रास होतो.

लायब्ररीचं व्हर्जनही इथेच बघा. एस३साठीची जावास्क्रिप्ट एसडीके व्ही२ ला आता सपोर्ट नाही, तो ८ सप्टेंबर २०२५ ला संपला, त्यामुळे त्यात अडकला असाल तर दुरुस्त करण्यापेक्षा व्ही३ वर जाणं बरं. पण व्ही३ मध्येही जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ३.७२९.० पासून एसडीके स्वतःहून सीआरसी३२ चेकसम (डेटा वाटेत बदलला नाही ना हे तपासायचा आकडा) लावायला लागली. साध्या अपलोडला ते चांगलंच आहे. पण सही केलेल्या यूआरएलमध्ये सही करताना बॉडीच नसते, मग रिकाम्या बॉडीचा चेकसम यूआरएलमध्ये जातो आणि खरी फाइल आली की जुळत नाही. एस३ची भाषा बोलणाऱ्या इतर स्टोरेजपैकी काहींना ते हेडरही कळले नाहीत आणि काल चालणारं पॅकेज अपडेट केल्यावर बंद पडलं. यूआरएलमध्ये ‘चेकसम’ शब्द दिसत असेल तर सही करणाऱ्या क्लायंटमध्ये ‘रिक्वेस्ट चेकसम कॅल्क्युलेशन’ ला ‘व्हेन रिक्वायर्ड’ द्या.

आता कॉर्स

इथपर्यंत आलात आणि कर्लने फाइल चढतेय तर आता बकेटचं कॉर्स उघडायला हरकत नाही.

ओरिजिन, म्हणजे तुमच्या पेजचा प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट, अक्षर न् अक्षर जुळायला हवं. शेवटी तिरकी रेघ नको, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस वेगळे, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेलं आणि नसलेलं वेगळे, पोर्ट वेगळा म्हणजे ओरिजिन वेगळा. लोकलहोस्ट ३००० वर चालतं आणि ५१७३ वर नाही, हे याच्यामुळे. मेथडमध्ये तुम्ही जी वापरता ती हवी. हेडरच्या यादीत ब्राउझर जे जे हेडर पाठवणार ते सगळे हवेत, ऑप्शन्स रिक्वेस्टमध्ये ‘ॲक्सेस-कंट्रोल-रिक्वेस्ट-हेडर्स’ मध्ये ती यादी आयती मिळते, तिथून उचला.

सेटिंग बदललं आणि तरी काही फरक नाही तर कॅश आठवा. प्रीफ्लाइटचं, म्हणजे त्या आधीच्या ऑप्शन्स रिक्वेस्टचं, उत्तर ब्राउझर साठवून ठेवतो, तुम्ही कितीही मोठा आकडा दिला तरी क्रोम २ तास आणि फायरफॉक्स २४ तास. म्हणूनच सुरुवातीला ‘डिसेबल कॅश’ चालू करायला सांगितलं.

नवीन बकेट बनवून लगेच टेस्ट करताय आणि क्लायंटमध्ये रीजन दिलेला नाही किंवा चुकीचा दिलाय, तर एस३ रीडायरेक्ट पाठवतं आणि प्रीफ्लाइटला रीडायरेक्ट चालत नाही. दिसतं ते कॉर्स, असतो तो रीजन.

गूगल क्लाउड स्टोरेजला रिझ्युमेबल अपलोड (तुटला तर तिथूनच पुढे चालू होणारा) करताना एक खास अडचण आहे. सेशन सर्व्हरवर सुरू केलं आणि तुकडे ब्राउझरमधून पाठवले तर बकेटचं कॉर्स बरोबर असूनही एरर येते, कारण सेशन कुठल्या ओरिजिनसाठी आहे हे पहिल्या रिक्वेस्टच्या ओरिजिन हेडरवरून ठरतं आणि सर्व्हर तो पाठवतच नाही. सेशन बनवताना ओरिजिन द्या, नोडच्या लायब्ररीत त्यासाठी पर्याय आहे. अझूरमध्ये कॉर्स कंटेनरवर नसतं, पूर्ण अकाउंटच्या ब्लॉब सर्व्हिसवर असतं आणि तिथे पाचच रूल मावतात.

फायरबेसची लायब्ररी वापरून अपलोड करत असाल तर अपलोडसाठी बकेटचं कॉर्स बदलायची गरज नसते. तिथे अडचण बहुतेक रूलची, म्हणजे कुणी काय चढवू शकतं याच्या नियमांची, असते.

परवानगी आणि रूल

सही केलेली यूआरएल तयार झाली म्हणजे परवानगी आहे असं नाही. सही तुमच्याच मशीनवर गणित करून होते, एस३ला कुणी विचारत नाही. ज्याच्या नावाने सही झाली त्याला त्या बकेटमध्ये लिहायचा अधिकार आहे का हे फाइल आल्यावरच बघितलं जातं. म्हणून ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर सही करणाऱ्या रोलची पॉलिसी बघा, आणि त्यात बकेटच्या नावापुढे तिरकी रेघ आणि तारा आहे ना ते बघा, नुसत्या बकेटवर दिलेला अधिकार आतल्या फाइलींना लागू होत नाही.

जुन्या ट्यूटोरियलमध्ये ‘एसीएल पब्लिक-रीड’ सर्रास दिसतं (एसीएल म्हणजे एस३ मधली परवानग्यांची जुनी यादी). एप्रिल २०२३ पासून नवीन बकेटमध्ये एसीएल बंदच असतं, त्यामुळे ती ओळ ठेवली की अपलोडच नाकारला जातो. ओळ काढून टाका. एसीएल परत चालू करून बसू नका.

फायरबेसमध्ये ‘स्टोरेज/अनऑथोराइझ्ड’ आलं की मी आधी रूल बघत नाही, आधी युजर खरंच लॉगिन आहे का ते बघतो. पेज रिफ्रेश झाल्यावर लॉगिन परत वाचायला क्षणभर लागतो आणि त्याच क्षणी कोडने अपलोड सुरू केला तर रूलला युजर रिकामा दिसतो. ‘ऑन ऑथ स्टेट चेंज्ड’ ची वाट बघा, मग अपलोड. त्यानंतर रूलमधला पाथ, साइजची अट, टाइपची अट. तिथेही रिकाम्या टाइपमुळे ‘इमेज/’ वाली अट फेल होते. बकेटचं नावही बघा, ३० ऑक्टोबर २०२४ पासून नवीन डीफॉल्ट बकेटच्या नावाचा शेवट ‘फायरबेसस्टोरेज.ॲप’ असा असतो, जुन्या ‘ॲपस्पॉट.कॉम’ वाल्याच राहिल्यात, आणि दुसऱ्या प्रोजेक्टमधून कॉन्फिग उचललं की इथे गडबड होते. नुसतं फिरत राहणं हेही फायरबेसमध्ये जास्त, कारण लायब्ररी अपलोडसाठी १० मिनिटं आपणहून परत परत प्रयत्न करते. टेस्ट करताना ती मर्यादा कमी करा, खरी एरर लवकर दिसेल.

मोठ्या फाइली

एस३ मध्ये एका पुटने ५ जीबीपर्यंतच जाते. त्याच्या बरंच आधीच मल्टिपार्ट वापरावं, म्हणजे फाइलचे तुकडे करून. शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा आणि तुकडे जास्तीत जास्त १०,०००. गुणाकार केला तर ५ एमबीच्या तुकड्यांनी ५० जीबीच्या आसपास गाडी थांबते, त्याहून मोठी फाइल असेल तर तुकडा मोठा करा. गूगलच्या रिझ्युमेबलमध्ये तुकडा २५६ केबीच्या पटीत हवा, आणि मधल्या प्रत्येक तुकड्याला ३०८ हे उत्तर येतं ते बरोबर आहे, ती एरर नाही. काही लायब्ररी किंवा आपलेच रॅपर २०० नाही म्हणून तिथे थांबतात.

१०० टक्क्यांवर फेल होण्याचं मुख्य कारण ईटॅग. प्रत्येक तुकड्याच्या उत्तरात ईटॅग हेडर (त्या तुकड्याची ओळखखूण) येतो आणि शेवटी सगळ्या ईटॅगची यादी पाठवून फाइल जोडायची असते. पण दुसऱ्या ओरिजिनच्या उत्तरातला हा हेडर जावास्क्रिप्टला वाचता येत नाही, जोपर्यंत कॉर्समध्ये ‘एक्स्पोज हेडर्स’ मध्ये ‘ईटॅग’ लिहिलेलं नाही. मग सगळे तुकडे व्यवस्थित चढतात, बार पूर्ण भरतो, आणि जोडणीच्या वेळी यादी रिकामी. नेटवर्क टॅबमध्ये मात्र ईटॅग दिसत असतो, त्यामुळे माणूस गोंधळतो. एका ओळीचा उपाय. आणि जोडणीच्या रिक्वेस्टला २०० आला तरी बॉडीत एरर असू शकते, स्वतः कोड लिहिला असेल तर बॉडी वाचा.

स्लो नेटवर अडकत असेल तर एकावेळी जाणारे तुकडे कमी करा. व्ही३ च्या ‘लिब-स्टोरेज’मध्ये एकावेळी ४ तुकडे जातात, अपलोडचा वेग कमी असेल तर चौघांत वाटून प्रत्येक इतका हळू होतो की टाइमआउट होतो. १ किंवा २ करा, आश्चर्य वाटेल इतका फरक पडतो. एकावेळी पाचसहा फाइली चढवताना बाकीच्या ‘पेंडिंग’ दिसतात ते ब्राउझर एका होस्टला एचटीटीपी १.१ वर ६ च कनेक्शन उघडतो म्हणून, रांग आपणच लावलेली बरी. तुकड्यांच्या यूआरएल सगळ्या सुरुवातीलाच सही करून ठेवल्या तर शेवटच्यांची मुदत वाटेतच संपते, लागेल तशा घ्या.

पूर्ण फाइल मेमरीत वाचू नका. ‘स्लाइस’ ने तुकडा काढला की ब्राउझर लागेल तेव्हाच वाचतो, पूर्ण ॲरेबफर केला की मोबाइलचा टॅब मरतो आणि एरर पण दिसत नाही.

अर्धवट राहिलेले तुकडे बकेटच्या यादीत दिसत नाहीत पण त्यांचे पैसे लागत राहतात. अर्धवट मल्टिपार्ट काही दिवसांनी काढून टाकणारा लाइफसायकल रूल आजच लावा.

कुठे थांबायचं

पुढच्या गोष्टींत स्वतः प्रयोग करू नका.

कायमची सीक्रेट की फ्रंटएंडच्या कोडमध्ये किंवा गिटमध्ये सापडली तर अपलोडचं राहू द्या, ती की लगेच बंद करायला लावा आणि सिक्युरिटी बघणाऱ्या माणसाला बोलवा. कोडमधून ओळ काढली म्हणून की सुरक्षित होत नाही, ती आधीच बाहेर गेलेली असते.

रोलची पॉलिसी बरोबर आहे, बकेटची पॉलिसी बरोबर आहे, आणि तरी ‘ॲक्सेस डिनाइड’, तर वरच्या पातळीवर संस्थेचं काही बंधन असू शकतं किंवा बकेट केएमएसच्या (एन्क्रिप्शनच्या की सांभाळणारी सेवा) की ने एन्क्रिप्ट केलेली असू शकते. केएमएसवाल्या बकेटमध्ये मल्टिपार्टला डेटा की बनवायची आणि डिक्रिप्टची, दोन्ही परवानग्या लागतात. हे क्लाउड ॲडमिनचं काम, तुम्हाला अधिकार मिळाले तरी तुम्ही करू नका.

बकेट पब्लिक केल्याशिवाय चालतच नाही असं वाटायला लागलं, तिथे थांबा. लोकांची कागदपत्रं, फोटो, रिपोर्ट असतात त्यात.

स्टोरेजमधल्या फाइली गायब झाल्या किंवा दुसऱ्याच्या फाइलवर फाइल चढली तर अपलोड बंद ठेवा, काही डिलीट करू नका, लाइफसायकल रूलला हात लावू नका, आणि व्हर्जनिंग चालू होतं का ते ॲडमिनला बघू द्या.

सपोर्टकडे जाताना स्क्रीनशॉटने काम होत नाही. उत्तराच्या हेडरमधला रिक्वेस्ट आयडी द्या, एस३ला ‘एक्स-एएमझेड-रिक्वेस्ट-आयडी’ आणि ‘एक्स-एएमझेड-आयडी-२’ दोन्ही, अझूरला ‘एक्स-एमएस-रिक्वेस्ट-आयडी’, गूगलला ‘एक्स-जीअपलोडर-अपलोडआयडी’. सोबत यूटीसी वेळ, रीजन, लायब्ररीचं नेमकं व्हर्जन, फाइलची साइज आणि कर्लने काय झालं ते. पूर्ण सही केलेली यूआरएल मात्र कुठेही पेस्ट करू नका, मुदत संपेपर्यंत ती ज्याच्या हातात पडेल तो तुमच्या बकेटमध्ये लिहू शकतो, सहीचा भाग खोडूनच पाठवा.